भागीकाकीची खालची वाट

खाडी उतरली की भागीकाकी पहिलं काम कपाळाचं करायची. होडीत उडालेल्या पाण्याने कुंकू ओघळलेलं असे. ती वाळूवर उभी राही, कमरेचा करंडा सोडी आणि समुद्राकडे तोंड करून, आरशाबिरशावाचून, बोटाने ठसठशीत कुंकू लावी. मग आम्हाला म्हणे, "चला गो आता. कोऱ्या कपाळान चलूचा नाय." रेडीजवळच्या आमच्या गावापासून कुणकेश्वरापर्यंत खाड्या काही थोड्या नाहीत. प्रत्येक खाडीला हे ठरलेलं.

महाशिवरात्रीला आमचा गाव कुणकेश्वराला चालत जाई. पुढे गावकार, म्हणजे आमच्याकडचा गावाचा मुख्य मानकरी, मागे पुरुष आणि शेवटी बायका. वरच्या मोटाररस्त्याने, गावोगाव मुक्काम करत, सवाष्णींच्या ओट्या भरून घेत सगळे जायचे. भागीकाकी मात्र खालच्या वाटेने, किनाऱ्याकिनाऱ्याने एकटी निघे. तिचा नवरा जयराम होडी घेऊन मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. होडी सापडली नाही, प्रेतही नाही. कोणी म्हणे बुडाला, कोणी म्हणे गोव्यात पोर्तुगिजांनी धरून ठेवला. गावाने तिला विधवा ठरवलं आणि तिने कुंकू पुसायला साफ नकार दिला. ओटीच्या वेळी हिला सवाष्णींत बसवायची की बाहेर, हा गावाला मोठा पेच. दरवर्षी त्याची कुजबुज ऐकून ती कंटाळली आणि तिने रस्ताच सोडला.

मी तिच्या शेजारच्या घरातली सून. लग्नाला वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून ओटीचं सूप माझ्याही समोरून गुपचूप पुढे सरके. एका वर्षी डोक्यात तिडीक गेली आणि सासूला सांगितलं, मी भागीकाकीबरोबर जाते. सासू कडाडली, "खालच्या वाटेन कोण जाता म्हायत आसा? ज्येका तोंड दाखवूक जागो नाय तो."

"मगे माझी तीच वाट," मी म्हटलं. असं उलट उत्तर मी त्या घरात पहिल्यांदाच दिलं.

काकी चालायला वाऱ्यासारखी आणि बोलायला त्याहून जोरात. होडीवाल्याला उशीर झाला की त्याच्या सात पिढ्या काढी. देवाला जाताना शिव्या कशा देतेस, म्हटलं तर उत्तर तयार: "पाय देवाचे, तोंड माझा." मी सुक्या वाळूत रखडायला लागले की ओरडे, "ओल्या वाळयेर ये गो चेडवा! थंय पाय रुतत नाय." मला आपलं वाटे, ही नवऱ्याला शोधत किनाऱ्याने जाते. एकदा धीर करून विचारलंही.

काकी हसली. "वाळयेत माणूस गावता काय गो? रस्त्यार लोक माझ्या कपाळाकडे बघतत. हंय दर्या बघता. तेका सगळा म्हायत आसा, म्हणान तो काय इचारीत नाय."

पुढे गोवा मोकळा झाला. तिकडे अडकलेली माणसं घरी आली, जयराम आला नाही. बेपत्ता माणसाची वाट बघायची ती बारा वर्षंही भरली होती. गावकार तिच्या अंगणात येऊन म्हणाला, "भागी, आता हट सोड. कुणकेश्वरात दर्भाचो पुतळो करून क्रिया करूया. तेचो जीव अडाकलेलो आसा. क्रिया झाली काय तू थंयच कुंकू पूस."

काकी म्हणाली, "येतंय. पण माझ्या वाटेन."

गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. त्या वर्षी वाटभर काकीने एकाही होडीवाल्याला शिवी दिली नाही आणि मला भीती वाटायला लागली. आचऱ्याची खाडी उतरल्यावर ती करंडा हातात धरून नुसती उभी राहिली. मीच म्हटलं, "लाव गो काकी." तिने माझ्याकडे पाहिलं आणि लावलं.

कुणकेश्वराच्या वाळूवर भटजी बसले होते, दर्भाचा पुतळा केळीच्या पानावर निजवला होता, जयरामाचा भाऊ ओलेत्याने तयार होता. काकी समुद्रात बुडी मारून वर आली. कपाळ धुऊन निघालेलं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तेवढ्यात तिने करंडा सोडला आणि या खेपेला समुद्राकडे पाठ करून, सगळ्या गावासमोर कुंकू लावलं.

"ह्यो माझो घोव?" तिने पुतळ्याकडे बोट केलं. "माझ्या घोवाचे खांदे दारात मावत नव्हते. गवात जाळूचा तर जाळा, तुमका कोण आडयता? तो 'येतंय' म्हणान सांगून गेलो. येणंय नाय म्हणान माका सांगूक नाय. तो सांगात तेवा पुसतलंय."

गावाने गवत जाळलं आणि तिला वाळीत टाकलं. मासे विकून ती पोट भरी; आता तिच्या पाटीतला बांगडा वाडीत कोणी घेईना, तर ती शिरोड्याच्या बाजारात जाऊन बसली. पण पुढच्या शिवरात्रीला खालच्या वाटेवर आम्ही दोघीच नव्हतो. नवऱ्याने टाकलेली एक आली, दोन विधवा आल्या, आणि त्यानंतरच्या वर्षी तर खुद्द गावकाराची विधवा बहीण आली. काकीने तिलाही ओल्या वाळूवरून चालायला लावलं.

काकी तापाने गेली. अंगणात लगेच वाद पेटला. तिचा दीर, जयरामाचा भाऊ, म्हणाला, विधवा म्हणून न्यायची. मी माझ्या लग्नातलं हिरवं लुगडं आणलं, तिला नेसवलं, नारळ-तांदळाने तिची ओटी भरली. गावात माझ्या हातची ओटी आजवर कोणी घेतली नव्हती. कुंकू गावकाराच्या बहिणीने लावलं.

गावकार दारात आडवा आला. "ह्या रूपात देवळासमोरच्या रस्त्यान न्हेवक गावचा नाय."

मी म्हटलं, "रस्तो होयो कोणाक? ती तिच्या वाटेन जातली."

पुरुष तिरडीला हात लावेनात. मग जयरामाच्या भावानेच खाली वाकून खांदा दिला. आम्ही सगळ्या जणी मागून निघालो, आणि काकीला ओल्या वाळूवरून नेली.