भाजलेल्या हातातल्या बांगड्या

जामखेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताची नखं एकेक करून दाबली. दाबलं की नख पांढरं पडतं आणि सोडलं की लगेच लाल व्हायला हवं. माझं होत नव्हतं. ते म्हणाले, "आजी, सेकंड डिग्री बर्न आहे. तो बरा होईल. पण बोटांचं सर्क्युलेशन थांबत चाललंय. बांगड्या काढल्या नाहीत तर बोटं जातील."

सेकंड डिग्री बर्न म्हणजे वरच्या कातडीच्या खालपर्यंत भाजलेलं, फोड आलेलं. सर्क्युलेशन म्हणजे रक्ताचं फिरणं. बोटं जाणं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आमचं लोहारकाम घरामागच्या पत्र्याच्या शेडात चालतं. लग्न होऊन खर्ड्याला आले ती थेट भट्टीपाशीच बसले. मी भट्टीला वारा देणारा पंखा दांडीनं फिरवायची, मालक ठोकायचे. खुरपणीच्या आधी दारात बायकांची गर्दी असायची. खुरपं पाजवून होईपर्यंत सासवा-सुनांची सगळी भांडणं तिथंच निवडली जायची. भाजायचं तेव्हाही. सासूबाई हळद-तेल लावायच्या. बरं झालं तर हळदीनं, चिघळलं तर नशिबानं.

आता गिऱ्हाईक थोडं आहे आणि मालकांची पकड सैल झाली आहे. त्या दिवशी तापलेलं लाल खुरपं सांडशीतून निसटलं आणि माझ्या हातावर पडलं.

सून धावत आली. तिनं टूथपेस्ट फासली आणि साबण घेऊन बसली. "आत्याबाई, बांगड्या काढू का? सुजायच्या आधी निघत्याल."

"मालक म्होरं बसल्यात, अन् हात रिकामा करती व्हय गं?" मी तिला हाकललं. सवाष्णीनं मनगट मोकळं ठेवायचं नाही, हे अंगात मुरलेलं.

सकाळी हात टम्म फुगला होता. बांगड्या मांसात रुतल्या होत्या.

आता त्या निघणार नाहीत, फोडाव्या लागतील, असं डॉक्टर म्हणाले. मी हात मागं ओढला. "फोडायच्या न्हाईत."

मालक दाराशी बाकावर होते. "फोडा ओ डॉक्टर. तेवढ्यानं मी काय मरत न्हाई. अन् मेलोच, तर हिच्या हातचं कालवण तरी चुकंल."

नर्सबाई हसली. मी मालकांकडं रागानं बघेपर्यंत कापडाखाली पहिली बांगडी फुटली. थोड्या वेळानं नखं लाल झाली.

टूथपेस्ट खरवडून काढताना भाजल्यापेक्षा जास्त आग झाली. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते. भाजलं की वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, पेस्ट, हळद काही नको. त्याच वेळी बांगड्या, अंगठी काढा. फोड फोडू नका. स्वच्छ कापडानं सैल झाकून दवाखाना गाठा. नवऱ्याचं आयुष्य काचेत नसतं.

ड्रेसिंग संपलं. मालकांनी सांडशीला कडी बसवली, आता पकड सुटत नाही. मी भट्टीपाशी हात मोकळे ठेवते. शेजारणी नाक मुरडतात.

हात बरा झाल्यावर पहिल्या दिवशी पंखा फिरवत होते, तर मालक म्हणाले, "फिरवती का नुसती बसलीस?"

"फिरवती की."

"वाजंना काय."

जन्मभर हा माणूस बांगड्यांच्या आवाजावरून पंख्याचा वेग ओळखत होता. मला ते ठाऊकच नव्हतं.

आता मी पंख्याच्या लयीत ओव्या म्हणते. आवाज चिरका आहे. मालक कुरकुरतात, पण हातोडा वेळेवर पडतो.