सही माझ्या नावाची

परीक्षा घेतात म्हणून मी कधी चिडले नाही. रत्नागिरीत कॉलेजात गणित शिकवत होते, परीक्षा घेणं हा माझाच धंदा. पण तुम्ही तुम्हीच आहात कशावरून, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं.

दोन हजार सालाच्या जरा पुढची गोष्ट. जगभरातली हौशी मंडळी मिळून एक मोफत संगणकप्रणाली बनवत होती. पगार कुणालाच नाही, भांडणं मात्र भरपूर. आमच्या कॉलेजात मार्कलिस्टा छापायला एक जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर होता आणि तो त्या प्रणालीवर धड चालत नव्हता. त्याला चालवणारा प्रोग्राम बेवारस पडला होता, कारण सांभाळणारा गृहस्थ कंटाळून सोडून गेला होता. त्याच्या देशात असले प्रिंटर केव्हाच माळ्यावर गेले होते, आमचा रोज करकरत होता. मी तो प्रोग्राम दुरुस्त करून पाठवला आणि मग दोन वर्षं सांभाळला. फोनवरून इंटरनेट जोडायचं, आलेली पत्रं उतरवून घ्यायची, लगेच तोडायचं आणि मग सावकाश काम करायचं.

मी सभासद मात्र नव्हते. माझं काम दरवेळी कुणी तरी सभासद तपासणार आणि आपल्या सहीने आत घालणार. एकदा जुने प्रिंटर काढून टाकावेत का, यावर मतदान झालं. काम माझं, पण मत त्यांचं. प्रिंटर थोडक्यात वाचले आणि त्याच दिवशी मी सभासदत्वाचा अर्ज केला.

मला एक परीक्षक नेमून दिला. त्याने पत्रांतून प्रश्नांचा सपाटा लावला. प्रोग्राम वापरण्या-बदलण्याचा कोणता परवाना मोकळा मानायचा आणि का, दुसऱ्याने सांभाळलेल्या प्रोग्रामला हात लावायचा तर काय रीत. एक उत्तर त्याने परत पाठवलं. ते खरंच कच्चं होतं, मी पुन्हा लिहिलं. चार महिन्यांनी पास झाले.

घोडं अडलं ओळखीपाशी. तिथे प्रत्येकाची संगणकातली एक सही असते, आपल्या नावाला जोडलेली गुप्त खूण. जुन्या सभासदाने तुम्हाला समोरासमोर भेटून, ओळखपत्र पाहून त्या सहीला दुजोरा द्यायचा असतो. आमच्या जवळचा सभासद म्हणजे मूळचा कोल्हापूरचा एक तरुण. नोकरीला बंगळूरला, दिवाळीत घरी यायचा. मी सकाळची एसटी धरून आंबा घाट चढून गेले. त्याने माझं मतदार ओळखपत्र पाहिलं, माझी सही पाहिली आणि कानामागे खाजवलं. सहीवर माझं जन्माचं नाव होतं, कार्डावर सासरचं.

नुसतं आडनाव बदललं असतं तर निभावलं असतं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, आणि ते सासूबाईंनी ठरवलेलं होतं. तेव्हा मी खाली मान घालून पेढे वाटले. पण संगणकावर पहिल्यांदा नाव विचारलं गेलं तेव्हा मला सून म्हणून ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. मी माझं नाव लिहिलं. दोन वर्षांचं सगळं काम त्या नावावर होतं.

"ताई, माझा तुमच्यावर विश्वास आहे," तो म्हणाला, "पण कार्डावरच्या नावाने नवी सही करा ना. पाच मिनिटांचं काम आहे."

मी नाही म्हटलं आणि परतीची एसटी पकडली.

घरी येऊन नियम पुन्हा वाचला. आधी गणित नीट वाचा, असं पोरांना मीच सांगते. नियमात एवढंच होतं, की दुजोरा देणाऱ्याची त्या माणसाच्या ओळखीबद्दल खात्री पटली पाहिजे. कार्डावर तेच नाव हवं, असं कुठेही नव्हतं. ती नुसती पडलेली चाल होती. मी तसं सगळ्यांना लिहिलं आणि खाली विचारलं, लग्न झाल्यावर तुमच्यापैकी किती पुरुषांना नवी सही करावी लागली? पंधरा दिवस वाद चालला. एकाने मला नसता गुंता करणारी म्हटलं. शेवटी त्या कोल्हापूरच्या तरुणाने लिहिलं, की नियम ताई म्हणतात तसाच आहे, माझी खात्री पटेल असं काही घेऊन या.

माझ्याकडे दहावीचं प्रमाणपत्र होतं, जुन्या नावाचं, फोटो नसलेलं. दोन नावं जोडणारा कागद नव्हता, लग्न आम्ही नोंदवलंच नव्हतं. नवरा म्हणाला, राजपत्रात जाहीर करून टाक. मी म्हटलं, जे नाव टाकलंच नाही ते परत घेतल्याची जाहिरात कशाला देऊ? हे सगळं जेवताना चाललं होतं. सासूबाई ताक वाढत होत्या.

"मी येते," त्या म्हणाल्या. "नाव मी बदललं, मीच सांगते."

अकरा वर्षं माझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी होती. मी ताकासाठी वाटी पुढे केली. मे महिन्यात तो सुट्टीवर घरी आला तेव्हा आम्ही दोघी कोल्हापूरला निघालो. आंब्याची पेटी न्यावी का, त्यांनी विचारलं. नको, लाच वाटेल, मी म्हटलं.

त्या तरुणासमोर त्यांनी प्रमाणपत्रावर बोट ठेवलं. "हे हिचं माहेरचं. कार्डावरचं मी ठेवलेलं. ताटात लेकानं लिहिलंन, पण ठरवलं मी. हिला कोणी विचारलं नाय. दोन्ही नावांची बाई एकच, ती ही."

साक्षीदाराचंही कार्ड बघायला हवं म्हणून त्याने ते मागितलं. सासूबाईंनी पिशवीतून काढून दिलं. तो वाचत होता तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "ह्याच्यावरचं पण माझं नव्हे हो. माझ्या सासूनं बदललंन. पण तसं सांगायला आता कोण उरलं नाय."

त्याने दुजोरा दिला. परतीच्या वाटेवर मी सासूबाईंना त्यांचं नाव विचारलं. खिडकीबाहेर बघत त्यांनी सांगितलं. एकाच घरात अकरा वर्षं राहून मी ते पहिल्यांदा ऐकत होते. मला स्वतःची लाज वाटली. राग काही गेला नाही, पण त्यांच्यावर धरायला आता जागा उरली नव्हती.

सभासद झाल्यावर माझ्या सहीने प्रोग्रामची जी पहिली आवृत्ती गेली, तिच्यात आभारांच्या यादीत मी त्यांचं ते नाव घातलं. आठवड्याभरात एका जुन्या सभासदाचं पत्र आलं. ह्या व्यक्तीचं कुठलंच काम नोंदींत सापडत नाही, ती खरी आहे का, तिची ओळख कुणी तपासली?

मी लिहिलं, "मी तपासली. मी सभासद आहे आणि माझी खात्री पटली आहे. नाव राहील."