तिचा दम

बरकतपुऱ्याच्या मैदानावर मी झाडलोट करते आणि कबड्डीच्या रेषा फक्कीनं आखते. तिथं मुलींना शिकवणारे सर मला डोळ्यांसमोर नको वाटतात. तोंडावर बोलणं मला आयुष्यात जमलं नाही. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्यावर इथं लिहिते.

तारनाक्याहून एक मुलगी यायची. ती चढाईला गेली की समोरच्या सात जणी मागं सरायच्या. दिवाळीनंतर मात्र मधली रेषा ओलांडली की तिचा दम तुटू लागला. दोनदा कबड्डी म्हणायची आणि छाती धरून खाली बसायची. एकदा पाण्याच्या टाकीमागं ती रडताना दिसली. तिनं मला गोळ्या दाखवल्या.

"मनाच्या डॉक्टरांनी दिल्यात, मावशी. एकदम घाबरं होतं. सरांना नका सांगू. राज्याच्या टीमची निवड होऊ द्या आधी."

मी सांगितलं. सर नुकतेच शिबिराला जाऊन आले होते. खेळाडूंच्या मनाला आधार कसा द्यायचा, ते तिथं शिकवलं म्हणे. त्याचं सर्टिफिकेट काच लावून ऑफिसात टांगलं होतं. मला वाटलं, आता यांना कळेल, पोरीला जरा सांभाळून घेतील.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि तिला एकटीला मधल्या रेषेवर उभं केलं.

"चल, दम धर. किती वेळ टिकतेस बघू."

"नाही होत, सर."

"का? गोळी खाऊन नाही आलीस? नाटकं नक्को. असली हौली, येडी पोरगी घेऊन मी राज्याला जाऊ?"

दोघी-तिघी हसल्या. ती हसणाऱ्यांकडं नाही, माझ्याकडं बघत होती. मी फक्कीचं घमेलं धरून नुसती उभी. मग ती चालत गेटबाहेर गेली. येताना-जाताना मैदानाला हात लावून कपाळाला लावायची पोरींची रीत आहे. तिनं त्या दिवशी हात लावला नाही.

ती परत आली नाही. निवडीच्या सकाळी तिच्या जागी दुसरीच उभी होती. सर म्हणाले, "मावशी, रेषा घ्या लवकर. पाहुणे येतील."

"सर, ते सर्टिफिकेट भिंतीवरून काढा." माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"कशाला?"

"पोरीचं तुम्ही वाटोळं केलंत."

ते चिडले नाहीत. हसले. "मी? मला येऊन सांगितलं कुणी, मावशी?"

घमेलं त्यांच्या पायाशी ठेवून मी झाडू उचलला. रेषा त्यांनी स्वतः आखल्या. मधली वाकडी आली होती. मी सांगितलं नाही.