दुरुस्तीच्या बस्त्यातला कागद

मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. त्या वर्षी आमचं सगळं लष्कर शहर तोंड पाडून बसलं होतं आणि मी एकटी हवेत होते. मला सातवा लागला होता आणि या खेपेला मूल मी स्वतः जन्माला घालणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

हे 'स्वतः' आलं जाऊबाईंमुळे. माझी थोरली माहेरी, इंदूरला, ऑपरेशनने झाली. जाऊबाईंची चारही बाळंतपणं घरातच झालेली. बारशाला त्या चारचौघींत म्हणाल्या, "हिला काय, ही झोपली होती. मूल डॉक्टरांनी काढून हातात दिलं." तीन वर्षं ते वाक्य मी दागिन्यासारखं जपलं. पोट फाडून घेतलेल्या बाईने आणखी काय करून दाखवायचं असतं? पण तेव्हा मला हे सांगणारं कोणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

इथल्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाहेरचा व्रण उभा दिसतोय, म्हणाल्या, पण आत गर्भाशयावर छेद कसा घेतला ते वरून कळत नाही. खालचा, आडवा असेल तर ऑपरेशनची तयारी ठेवून कळा येऊ देता येतील. उभा असेल तर कळांच्या जोराने तो फाटेल आणि दोघांच्याही जिवावर बेतेल. इंदूरचे सर्जन विलायतेला गेलेले. म्हणजे उरला तिथून मिळालेला कागद.

कागद आहेच, मी ऐटीत सांगितलं. आमच्या घरात कागद हरवत नसे. ह्यांचं घराणं तीन पिढ्या दरबारच्या दफ्तरातलं, हे स्वतः बांधकाम खात्यात. घरचे कागदसुद्धा हे कचेरीसारखेच लाल फडक्याच्या बस्त्यांत, विषयवार बांधून ठेवत. माझ्या ऑपरेशनचा कागद ह्यांनी 'दुरुस्ती'त लावला होता.

मी घरी येऊन कागद मागितला तर ह्यांचा चेहरा उतरला. भोपाळला दफ्तर हलवायचं म्हणून कचेरीचे बस्ते घरी आणून बांधणं चाललं होतं. सगळे लाल, सगळे सारखे.

"दुरुस्तीचा?" हे म्हणाले. "तो तर मालगाडीत गेला."

दुसऱ्या दिवशी मी शहाणी एकटीच इस्पितळात गेले आणि छातीठोकपणे सांगितलं, छेद आडवाच आहे, मला चांगलं आठवतंय.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपको कैसे याद है? आप तो बेहोश थीं."

म्हणजे जाऊबाईंचंच खरं! मी पाय आपटत परत आले. नवव्या महिन्यातली ऑपरेशनची तारीखही ठरली.

हे भोपाळला हजर झाले आणि रोज कचेरी सुटली की बस्त्यांच्या ढिगात शिरू लागले. तारखेला दहा दिवस उरले तेव्हा तार आली. तार म्हणजे वाईट बातमी, म्हणून सासूबाई मटकन उंबऱ्यावरच बसल्या. जाऊबाईंनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि डोक्यावर पदर घेत मला म्हणाल्या, "चल, टांगा बोलाव. आडवा आहे."

डॉक्टरीणबाई तारेवर भुलल्या नाहीत. चार दिवसांनी टपालाने कागद आला, तेव्हा कुठे हो म्हणाल्या. भोपाळच्या कोण्या दक्ष कारकुनाने त्यावर आवक क्रमांकही घातला होता.

कळा सकाळी सुरू झाल्या. जाऊबाई उशाशी होत्या, म्हणून दुपारपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. मग सगळा तोरा गळाला. हाताला लागलं ते घट्ट आवळून मी ओरडत सुटले, ऑपरेशन करा, आत्ता करा, झोपवा मला.

"अब काहे का ऑपरेशन?" डॉक्टरीणबाई हसल्या. "सिर दिख रहा है."

थोड्या वेळाने मुलगा रडला. मी घामाने निथळत, विजयी मुद्रेने जाऊबाईंकडे वळले. आता तरी म्हणतील, तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते.

त्यांचे डोळे भरले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरला होता आणि बोटं एकेक करून सरळ करून बघत होत्या.

"झोपली होतीस तेच बरं होतं बाई," त्या म्हणाल्या. "माझा हात तरी शाबूत होता."