वऱ्हाडी ज्युरर

रेडिएटरवर ओला कोट वाळायला लागला की त्या वासाने मला क्लोनडॉकिन या आयरिश उपनगरातला आमच्या तालमींचा हॉल आठवतो. गणपतीसाठी आम्ही नाटक बसवत होतो, एका गरीब पोराच्या खटल्यातल्या बारा ज्युररांचं. पुण्याच्या दिग्दर्शकाने फर्मावलं, पोराला आकसाने दोषी ठरवणारा ज्युरर वऱ्हाडी बोलेल, म्हणजे हशा पिकेल. ती भूमिका करणारा अमरावतीचा इंजिनियर भडकला. "वाईट माणूस आमच्याच बोलीत का?" झालं, ज्युरीत दोन तट पडले आणि नाटकच रद्द व्हायची वेळ आली. तेव्हा लेकाकडे राहायला आलेली त्याची आई चहा ओतता ओतता म्हणाली, "मंग पोराले वाचवनाऱ्याले बोलू द्या न बापा आमच्यावानी." दिग्दर्शक हसला, आणि वाईट ज्युरर त्याने स्वतःच केला, आपल्या पुणेरीत. हशा पिकलाच. पण पोराच्या बाजूने एकटा उभा राहून अमरावतीकर "समदे म्हनते म्हून मी हो म्हनत नाई" म्हणाला, तेव्हा टाळ्या थांबेनात. तो प्रयोग पाहिलेली माझी लेक एरवी आयरिश हेल काढून इंग्रजीतच उत्तर देते. आज सकाळी आम्ही सगळ्यांनी तिला कोट घाल म्हटलं, तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "समदे म्हनते म्हून मी हो म्हनत नाई."