मैलकुली महेमूद आणि हत्यारांची वही

महेमूद मैलकुलीनं साहेबाला बोकड देऊन पेन्शन घेतलं, हे कुंभार पिंपळगावच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. दोघांनी तर बोकड डोळ्यांनी पाहिला होता. काळा, एक कान पांढरा. घनसावंगीच्या बांधकाम खात्याच्या ऑफिससमोर महेमूदनं दोरी धरलेली, बगलेत कागदांची पिशवी. त्याच दिवशी साहेबानं सही केली. आणखी काय पुरावा पाहिजे? मीही ही बातमी चार ठिकाणी सांगितली, आणि पाचव्या ठिकाणी बोकडाचे दोन केले.

मैलकुली म्हणजे रस्त्याची चाकरी करणारा सरकारी मजूर. खड्डे बुजवायचे, कडेच्या बाभळी छाटायच्या, मैलाच्या दगडांना चुना लावायचा. महेमूदनं हे आधी पंधरा वर्षं रोजंदारीवर केलं आणि मग साडेअठरा वर्षं पर्मनंट होऊन. खड्डे तेच होते, फक्त ते बुजवणारा सरकारी झाला.

जन्मतारीख एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठरवलेली. त्या हिशोबानं त्या साली गावात एकाच दिवशी बावीस पोरं जन्मली. पहिल्या तारखेला जन्मलेल्याला सरकार आदल्या दिवशीच घरी पाठवतं, म्हणून साठ पूर्ण होताना ३१ मे २०२४ हा त्याचा शेवटचा दिवस ठरला. पेन्शनच्या कागदांना नवरा-बायकोचा जोडीनं फोटो लागतो, म्हणून जालन्याला मस्तगडच्या एका स्टुडिओत दोघं गेले. लग्नाला चाळीस वर्षं झालेली आणि जोडीचा फोटो पहिलाच. फोटोवाला म्हणाला, जरा हसा. जन्नतबी म्हणाली, "मैं कायकू हसूं? मेरा रिटायर थोडीच होरा."

हसण्यासारखं तसंही काही राहिलं नव्हतं. दोन महिने आधी पेन्शनचं टेबल सांभाळणाऱ्या राजानंद बाबूंनी महेमूदला बोलावून घेतलं होतं.

"महेमूदभाई, तुमच्या सेवापुस्तकाचं पहिलं पान कुठंय?"

"पुस्तक तुमच्या कपाटात. मी तर रस्त्यावर."

"वाळवीनं खाल्लं ते."

"मंग वाळवीला इचारा ना, बाबू."

"चेष्टा ठेवा बाजूला. रुजू झाल्याची तारीख त्याच पानावर होती. एक नोव्हेंबर दोन हजार पाचच्या आधी रुजू असाल तर जुनं पेन्शन. त्या दिवशी किंवा नंतर असाल तर नवीन."

"मी एकतीस ऑक्टोबरला आल्तो."

"आल्ते ते तुम्हाला माहीत. कागदाला माहीत पाहिजे. त्या वेळचा कोणताही कागद आणा."

जुनं पेन्शन म्हणजे मरेपर्यंत ठरलेली रक्कम, आणि मागे बायकोलाही. नवीन म्हणजे आपल्याच पगारातून कापून, सरकारनं भर घालून बाजारात लावलेला पैसा. तो पिकेल तसा पिकेल. रोजंदारीची पंधरा वर्षं या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे माणसाचं म्हातारपण एकतीस ऑक्टोबरच्या एका सोमवारावर टांगलेलं.

तो सोमवार असा. पर्मनंटचा हुकूम आला शुक्रवारी. एकाच कागदावर दोन नावं, महेमूद आणि धुळाजी. धुळाजी मेंढरं राखणाऱ्या घरातला, महेमूदच्याच गँगवरचा. मंगळवारी लक्ष्मीपूजन होतं. धुळाजी म्हणाला, "दिवाळी करून येतो. नोकरी कुठं पळून चाल्ली?" महेमूदचे रोजे चालू होते. दिवाळी नव्हती, आणि ईदला सुट्टी हवी होती. आधी रुजू व्हावं, मंग सुट्टी मागावी, असा त्याचा सरळ विचार. सरकारनं जुनं पेन्शन बंद करण्याचा कागद काढला तोही नेमका त्याच सोमवारी. धुळाजी लाडू-चकल्या खाऊन सात नोव्हेंबरला आला.

वाळवीला जातपात नसते. तिनं धुळाजीचंही पहिलं पान खाल्लं होतं. त्या आधारावर धुळाजी दहा वर्षं अर्ज करत होता, की आम्ही दोघे एकाच दिवशी, एकतीस ऑक्टोबरला, रुजू झालो. पुढे ज्यांच्या भरतीची जाहिरात त्या तारखेच्या आधी निघाली होती त्यांना जुन्या पेन्शनची सवलत मिळाली, पण रोजंदारीवाल्याची कसली आली जाहिरात? अर्ज तेवढा उरला. बाबू महेमूदला विचारायचे, खरं काय? महेमूद म्हणायचा, "याद न्हाई." दोस्ताची दहा वर्षं राखलेली ही अब्रू आता त्याच्याच गळ्याशी आली.

त्याला एक मात्र याद होतं. त्या सोमवारी त्यानं स्टोअरमधून फावडं घेतलं आणि वहीत सही केली होती. स्टोअरची चावी आता धुळाजीकडं होती.

"धुळाजी, ती हत्यारांची जुनी वही असंल का रे?"

"पाहतो."

हे पाहणं अडीच महिने चाललं. एकतीस मेला महेमूद हार-नारळ घेऊन घरी गेला. पेन्शन कपाटातच राहिलं. वही धुळाजीला पहिल्याच दिवशी सापडली होती. ती त्यानं घरी नेऊन ज्वारीच्या कणगीमागं ठेवली. शेवटी साखराबाई, त्याची बायको, म्हणाली, "चुलीत घाला ती वही. तुमचंबी जाईल, त्याचंबी जाईल. मंग बसा दोघं पारावर माशा मारीत."

बकरी ईदच्या आठवड्यात धुळाजी वही घेऊन ऑफिसात आला. महेमूद बाहेर उभा होता. बाबूंनी पान उघडलं. ३१/१०/०५, फावडं एक, घमेलं एक, पुढं उर्दूत सही. ऑफिसात उर्दूत सही करणारा दुसरा कुणी नव्हता. बाबूंचं बोट एक ओळ खाली सरकलं.

"धुळाजी, ही तुमची सही. सात नोव्हेंबर."

"वाचता येतं मला."

"तुमचा अर्ज आहे माझ्याकडं."

"फाडा."

"आजच का आणली वही?"

"हा माणूस रोज माझ्या दारावरून जातो, बाबू. 'सापडली का' म्हणूनबी इचारीना. किती दिवस तोंड चुकवू?"

साहेबानं वही पाहिली, सही केली. दोघांनी बाहेर चहा घेतला. पैसे कोणी द्यायचे यावरून दोघांचं भांडण झालं, आणि ते धुळाजीनं दिले.

बोकड धुळाजीचा होता. महेमूदनं तो बकरी ईदसाठी रोख पैसे देऊन घेतला, आणि धुळाजी ऑफिसला येणारच होता म्हणून त्यानंच तो सोबत आणून महेमूदच्या हाती दिला. साहेबाला कोणी काही दिलं नाही. महेमूद धुळाजीच्या सात दिवस आधी रुजू झाला होता, म्हणून त्याला जुनं पेन्शन मिळालं आणि धुळाजीला मिळालं नाही.