वाऱ्यात विझलेला गॅस आणि मामीची फुंकणी

मंडळी, नगरच्या सायबर कॅफेतून लिहितोय. आज दुपारी जे झालं ते थोडक्यात सांगतो.

नेवाशाजवळच्या खेड्यात मामीकडे गेलो होतो. तिच्याकडे नुकताच पहिल्यांदा गॅस आलाय. घरात भडका उडेल या भीतीने तिने तो अंगणात मांडलाय. शिवाय चुलीला करतात तसा तिन्ही बाजूंनी पत्र्यांचा आडोसा केलाय. सिलिंडरही त्या आडोशातच.

भरितासाठी ती जाळीवर वांगी भाजत होती. वाऱ्याचा झोत आला आणि गॅस विझला. चावी चालूच होती. मामीने सवयीने फुंकणी घेतली आणि बर्नरवर फुंकायला लागली. पेटेना, म्हणून काडेपेटी उचलली.

तेवढ्यात मला वास आला. “मामी, काडी ओढू नका!” असं ओरडत मी रेग्युलेटर बंद केला आणि पत्रे ओढून काढले. हा गॅस हवेपेक्षा जड, आडोशात खालीच साचतो. वास जाईपर्यंत आम्ही लांब ओट्यावर बसलो.

मामी शांतपणे म्हणाली, “चूल इझली की फुकायची, एवढंच मला ठावं. ह्यो पेटवायचा कसा त्ये समद्यांनी दावलं. इझल्यावर काय करायचं, त्ये कुनी सांगितलंच न्हाई.”

वांगी शेवटी चुलीवर भाजली. भरीत चांगलं झालं.

आमच्या घरी गॅस कधीचा आहे. तरी आईला हे कुणी सांगितलंय का, मला माहीत नाही. आता घरी जाऊन तेच विचारणार आहे. तुम्ही कुणाला विचाराल?